सगळ्यात खालची टिकली

माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिलं वाक्य एकच बोलतं. "मंदाताई, काही नाही हो, बारीकसं काम आहे." बारीकसं! आत बोर्डाचा कोळसा झालेला असतो, वास गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलेला असतो, आणि यांचं आपलं बारीकसं. मीही काही कमी नाही. म्हणते, "एवढं बारीक असतं तर तुम्हीच केलं असतंत की." मग मी झाकण उघडते.

इचलकरंजीत, सूतगिरणीच्या मागच्या गल्लीत माझं हे दुरुस्तीचं दुकान. मी मंदा म्हेत्रे. आमच्याकडे घर तिथे माग. खाली यंत्रमाग, वर माणसं आणि माणसांच्या वर सोलर. गल्लीतल्या शेवटच्या घरावर सोलर चढलं तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते. लाइटबिलाची कटकट गेली म्हणाले. ती गेली हे खरं, पण तिच्या जागी उसळी आली.

उसळी म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. दुपारी ऊन कडक असतं, गावातल्या सगळ्या छपरांवरून वीज लाइनीत पडत असते. अशात एक ढग येतो. सगळी छपरं एकदम मान टाकतात आणि मागांना जोडलेल्या बॅटऱ्या लाइन सांभाळायला धावतात. ढग सरकला की छपरं एका दमात जागी होतात. बॅटऱ्या मागे हटायच्या आतच दोन्हीकडची वीज लाइनीत कोसळते. दोनशे तीसची लाइन डोळ्याचं पातं लवायच्या आत सहाशे-सातशेवर उडी मारून परत खाली येते. पंख्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण टीव्ही, मिक्सर, मागाचा कंट्रोल बोर्ड, यांच्या पोटातलं नाजूक सामान तेवढ्यात मरून जातं.

ते मरू नये म्हणून प्रत्येक यंत्राच्या तोंडाशी, फ्यूजच्या शेजारी, एक निळी चकती बसवलेली असते. पुस्तकात तिला व्हॅरिस्टर म्हणतात. आम्ही टिकली म्हणतो, कारण ती दिसतेच तशी. जस्ताच्या भस्माचे दाणे दाबून, भाजून ती केलेली असते. एरवी ती विजेला दाद देत नाही. पण लाइन एका ठरावीक आकड्याच्या वर गेली की ती दार उघडते आणि उसळी स्वतःच्या अंगातून वाहून नेते. यंत्र वाचतं, टिकली थोडी झिजते. फार झिजली की एक दिवस फाटकन फुटते. मग ती बदलायची.

आता बदलताना कुठली घालायची, इथेच खरी मेख आहे. टिकलीवर आकडा छापलेला असतो. ४३१ म्हणजे त्रेचाळीसवर एक शून्य, चारशे तीस व्होल्ट. ४७१ म्हणजे चारशे सत्तर. बरेचसे मेकॅनिक काय करतात, एक-दोन नंबर वरची घालून मोकळे होतात. टिकली टिकते, गिऱ्हाईक शिव्या घालायला परत येत नाही. पण दार जितकं वर, तितकी उसळी आत शिरणार, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो? माझा नियम सरळ आहे. कंपनीने जो आकडा घातला तोच घालायचा. यावरून मी होलसेलवाल्यापासून स्वतःच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांशी भांडलेली आहे.

मग बाजारात हिरवी टिकली आली.

कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणीतरी जस्ताच्या भस्मात आणखी काहीतरी कालवलं आणि न झिजणारी टिकली तयार झाली. फटका बसला की तिच्या दाण्यांच्या सांध्यांची ठेवणच बदलायची आणि तिचा आकडा किंचित वर सरकायचा. आज चारशे तीसला दार उघडलं, तर पुढच्या वेळी चारशे तेहतीसला. प्रत्येक फटक्यातून ती शिकायची म्हणा ना. जाहिरातीत लिहिलं होतं, 'एकदाच बसवा, निश्चिंत व्हा.'

पहिल्या हिरव्या टिकल्या मी भूपालअण्णा चौगुल्यांच्या मागांना बसवल्या. अण्णा गल्लीतले सगळ्यात मोठे मागवाले. माणूस करारी, बोलणं तोंडावर, पण मनात काही ठेवणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी भेटले तेव्हा म्हणाले, "मंदा, तुझं गिऱ्हाईक तुटलं बघ. काहीच जळेना झालंय."

"तुटू दे की, अण्णा. मला काय तुमच्या नुकसानीवर बंगला बांधायचाय?"

मग गल्लीत एकच गिल्ला. ज्याला त्याला हिरवी हवी. मीही बसवत गेले. टीव्ही, फ्रिज, पाण्याचे पंप, मागांचे बोर्ड, कशातच निळी उरली नाही. फक्त एका यंत्रात मी ती तशीच ठेवली, आणि ते यंत्र माझ्या बहिणीचं होतं.

चंपाअक्का माझ्याहून पुष्कळ मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. माझ्या आयटीआयसाठी तिने दोन-दोन पाळ्या माग चालवले आणि त्या मागांच्या धुरळ्याने तिची फुप्फुसं भरून टाकली. आता ती चार घरं सोडून राहते, आणि तिच्या उशाशी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन रात्रंदिवस घुरघुरत असतं. मशीन बंद पडलं तर सिलिंडर आहे, पण तो संपेपर्यंतच. त्या मशीनचा बोर्ड फार नाजूक. साडेपाचशेच्या वरचं काही त्याला सोसत नाही. हिरवी टिकली चढत गेली असती आणि उसळी आत सोडत गेली असती. मागाचा दणकट बोर्ड ते खपवून घेतो, अक्काचं मशीन कसं खपवून घेणार? म्हणून तिथे निळी. कंपनीचाच आकडा, ४३१.

आणि नेमकी तीच फुटायला लागली.

पहिल्यांदा फुटली तेव्हा मला वाटलं, माल खराब निघाला. दुसऱ्यांदा मोठ्या घेराची घातली, आकडा तोच. तीही गेली. दुपारी ढग आले की अक्काचं मशीन किंचाळायला लागायचं. मी हातातलं काम टाकून पळत जायची, सिलिंडरची नळी तिच्या नाकाला लावायची आणि मशीन उघडून बसायची. अक्का त्यातही थट्टा करायची.

"मंदे, ही तुझी टिकली हाय का लवंगी फटाकडी?"

"गप्प बस, अक्का. बोलू नकोस, दम लागेल."

"दम लागतो म्हणून गप बसले, तर मग जगून काय करू?"

मी हसायची, पण डोळा मशीनवरून हटायचा नाही. कारण टिकली फुटते तेव्हा ठिणगी उडते, आणि अक्काच्या खोलीत ऑक्सिजन भरलेला. त्या हवेत साधी ठिणगीसुद्धा कशी भडकते ते मला माहीत होतं. मशीन पलंगापासून दूर सरकवलं, नळी लांब केली. तरी जीव थाऱ्यावर राहीना.

एके सकाळी अण्णांचा एक जुना बोर्ड वेगळ्याच कामासाठी दुकानात आला. सहज म्हणून मी त्यातली हिरवी टिकली काढली आणि टेस्टरला लावली. काटा चारशे तीसवर थांबला नाही. पाचशेवरही थांबला नाही. सहाशेच्या पुढे गेला, तेव्हा कुठे टिकलीने दार उघडलं. मला वाटलं टेस्टर बिघडला. दुसऱ्या घरातली काढून आणली, तिसऱ्या घरातली आणली. पाचशे ऐंशी, सहाशे दहा. सगळ्या चढून बसल्या होत्या.

मी खुर्चीत बसले ती बसलेच. टाकीला चार भोकं पडली तर पाणी सगळ्यात खालच्या भोकातून वाहतं. गल्लीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एकाच लाइनीला सगळी घरं जोडलेली, त्या लाइनीवर आलेल्या उसळीचंही तेच. जिची टिकली सगळ्यात खाली, तिच्यातून सगळ्यांची उसळी जाणार. हिरवी टिकली झिजत नव्हती, कारण ती कामच करत नव्हती. ती फटका शेजाऱ्याकडे ढकलायला शिकली होती. गल्लीभरच्या टिकल्या एकमेकींच्या वर चढत गेल्या, आणि खाली राहिली ती फक्त अक्काची. अख्ख्या गल्लीची उसळी माझ्या बहिणीच्या उशाशी येऊन पडत होती. आणि तिथे ती चारशे तीसची टिकली मीच घातली होती, जिवापाड काळजी घेऊन.

हिरव्या टिकलीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"मॅडम, आमची टिकली जळाली का?"

"नाही."

"ज्या यंत्रात बसवली ते यंत्र बिघडलं का?"

"तेही नाही."

"मग मॅडम, तक्रार नेमकी काय आहे?"

मी तिला लाइन, शेजार, अक्का सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. वीज ऑफिसातला साहेब तर आणखी शहाणा. पूर्वी डीपीवर मोठं संरक्षण असायचं, ते मी स्वतः बघितलेलं होतं. म्हणाला, "ते काढलं ना. आता घराघरांत आहे, मग डीपीवर कशाला डबल?" तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कारण हे चढणं काही थांबणारं नव्हतं. कधीतरी सगळ्याच टिकल्या इतक्या वर जाणार की उसळीला वाटच उरणार नाही, मग ती यंत्रांच्याच पोटातून वाट काढणार. पण ते पुढचं. आज अक्काचं मशीन वाचवायचं होतं.

मी गल्लीची बैठक बोलावली, गणपती मंडळाच्या शेडमध्ये. उपाय सोपा होता. प्रत्येक घराने मीटरच्या पेटीत एकेक निळी टिकली लावायची, अक्काच्याच आकड्याची. मग उसळी सगळ्यांत वाटली जाईल, कुणा एकावर पडणार नाही. टिकल्या मीच देणार, बसवणारही मीच. अधूनमधून एखादी जळेल, ती बदलू.

लोक ऐकत होते. एक जण म्हणाला, "ताई, पण आमची काही जळतच नाही, तर जळणारी कशाला लावायची?"

"तुमचं जळत नाही, कारण अक्काचं जळतंय," मी म्हटलं. "एवढं सोपं आहे हो. कान उघडे ठेवून ऐकाल तर कळेल."

कसं असो, अक्काने गल्लीतल्या निम्म्या पोरांना लहानपणी कडेवर घेतलेलं. कुणीतरी बिरोबाचा भंडारा आणला. आमच्याकडे भंडारा उचलला की शब्द मोडत नाहीत. एकेकाने पुढे येऊन पिवळी चिमूट उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "लावीन." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

एकटे भूपालअण्णा जागेवरून हलले नाहीत.

"मी लावणार नाही, मंदा," ते म्हणाले. "माझ्या मागांवर तीस माणसांचं पोट आहे. पेटीत जळणारी वस्तू मी ठेवणार नाही. लावतो म्हणून सांगून न लावण्यापेक्षा हे बरं."

"अण्णा, अक्का मेली तर?"

"तसं बोलू नकोस. दुसरं काय लागेल ते माग, देतो."

"दुसरं काही नकोच आहे मला," मी म्हटलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी मला त्या माणसाचा इतका राग आला की त्याची सावलीही नको वाटली.

टिकल्या लावल्या आणि अक्काचं मशीन शांत झालं. कितीतरी दिवस ती थट्टा करत राहिली आणि मी निवांत जेवत राहिले. मग एका दुपारी ढग आले आणि मशीन पुन्हा किंचाळलं. बदलून परत येताना बघते तर गल्लीत पोरी ठिक्करपाणी खेळत होत्या. चौकोन आखलेले, आणि ठिकरी म्हणून त्यांच्या हातात माझी निळी टिकली, पाय मोडून टाकलेली.

"कुठे सापडली गं?"

"पप्पांनी पेटीतनं काढून टाकली, काकी. आमच्याकडं अजून हायेत, या शेजारच्यांच्या पण."

मी घरोघरी पेट्या उघडल्या. सगळ्या रिकाम्या. पहिल्याने सांगितलं, "त्याने काढली म्हणून मी काढली." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. कुणी डोळ्याला डोळा देईना. एकाच्या कपाळावर तर त्या दिवशीही भंडारा होता, सकाळीच देवळात जाऊन आलेला. मी भांडले नाही. भांडायला अंगात त्राणच राहिलं नव्हतं. दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा गडी पाण्याचं प्युरिफायर ठेवून गेला. पंप बंद, बारीकसं काम. माणसाने माझ्याशी बोलणं सोडलं नव्हतं, दुरुस्तीही दुसरीकडे नेली नव्हती. मी ते उघडलं, पंपाची वायर जोडली, काम झालं. आणि मग झाकण लावायच्या आधी माझा हात थांबला.

तळाच्या कप्प्यात माझ्याकडे काही ३९१ होत्या. तीनशे नव्वद. आपल्या लाइनीला असली टिकली कुणी शहाणा माणूस घालत नाही. लाइन जरा चढली तरी ती गरम होते, आणि उसळी आली की सगळ्यांच्या आधी ती पुढे होते. अक्काच्याही आधी.

मी स्वतःशी काय काय बोलले ते सांगू का? म्हटलं, अण्णांचं घर मोठं आहे. प्युरिफायर स्वयंपाकघराच्या भिंतीला, फरशी, ओटा, जळलं तर डबा जळेल. लावणार नाही म्हणाले ना, आता न विचारता लागेल. म्हटलं, अक्काने रक्त आटवलंय माझ्यासाठी. सगळं खरं होतं. तरी सोल्डर करताना मी दुकानाच्या दाराकडे दोनदा बघितलं, जन्मात कधी बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी फूलमती आली. बिहारहून आलेल्या एका माग-कामगाराची बायको, गल्लीच्या टोकाच्या खोलीत राहणारी. तिच्या बाळाला छातीत कफ, वाफ द्यायचं मशीन बंद पडलेलं. "दीदी, अच्छावाला डालना," म्हणाली. दुसरं काही घातलं तर ती मानेचना, गल्लीत सगळ्यांकडे आहे तेच हवं. मी नवी हिरवी घातली. नवी म्हणजे अजून खालीच, चारशे तीसवर. हे माझ्या डोक्यात आलं. पण अण्णांकडची तिच्याहून खाली होती, त्यामुळे तिला धोका नव्हता. बाळ कडेवर घेऊन ती मशीन छातीशी धरून गेली.

प्युरिफायर घरी पोचलं आणि अक्काच्या मशीनचं किंचाळणं थांबलं. ढग येत होते, जात होते. अण्णांकडे काय होतंय ते मी विचारलं नाही. रस्त्यात दिसले की मी दुसऱ्या बाजूने जायची.

मग एके दिवशी दुपारी मी अक्काचं जेवण घेऊन गेले तर दाराला कडी. माझ्या हातून डबाच पडायचा. शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "घाबरू नकोस गं. अण्णा घेऊन गेले. मशीन, सिलिंडर सगळ्यासकट."

"कुठे?"

"त्यांच्या घरी. म्हणाले, आमच्या घरी कधी काही जळत नाही, अक्का काही दिवस तिथंच राहू दे. गडी लावून पलंगसुद्धा नेला की. तुला सांगायला माणूस पाठवला होता, पण तू बाजारात होतीस."

मला आधी कळेचना. मग कळलं. वर बघितलं. सूतगिरणीच्या चिमणीमागून पांढरा मोठा ढग सरकत येत होता. गल्लीच्या वरच्या टोकाला सावली पडली होती आणि ती खाली येत होती. मी डबा तिथेच टाकला आणि पळाले.

अण्णांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी, पद्मावतीवहिनी, तांदूळ निवडत होत्या. अक्का शेजारी खुर्चीवर, मांडीवर सूप, नाकाला नळी. एकटीला खोलीत करमत नाही म्हणून इथेच येऊन बसली होती. मशीन ओट्याच्या कडेला, आणि त्याची पिन प्युरिफायरच्याच एक्स्टेन्शन बोर्डात, दोन्ही पिना एकमेकींना चिकटून. टिकली फुटली असती तर अक्काच्या पदरापासून हातभर अंतरावर.

"मंदे, ये. वहिनींनी पुरणपोळी केलीया," अक्का म्हणाली.

"उठ! अक्का, उठ तिथून!"

अण्णा आतून आले. "काय झालं? का ओरडतेस?"

"त्या प्युरिफायरमध्ये मी टिकली घातलीय, अण्णा. सगळ्यात खालची. गल्लीची उसळी तुमच्या घरी यावी म्हणून घातली. तुम्हाला न विचारता." हे बोलता बोलता मी भिंतीकडे झेपावले होते. खिडकीतला उजेड एकदम मंद झाला, ढग डोक्यावर आला होता. "अक्का इथे येईल असं मला काय माहीत!"

अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. बोर्डाची मुख्य पिनच उपटली. प्युरिफायर बंद, मशीनही बंद. अक्काला धाप लागली. वहिनींनी सिलिंडर ओढून आणला, मी नळी जोडली, चावी सोडली. अक्काने दोन-तीन श्वास घेतले आणि मान हलवली, ठीक आहे म्हणून.

खिडकीत ऊन परत आलं. ढग सरकला.

गल्लीच्या टोकाकडून फाटकन आवाज आला. पाठोपाठ गल्लीतले सगळे माग एकेक करत थांबले, डीपीच उडाला होता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि बाहेर धावले. मला ठाऊक होतं ते कुठे जाणार. अण्णांची टिकली लाइनीतून निघाली, अक्काचीही निघाली. मग खाली उरली कोण? न झिजणारी असली तरी अख्ख्या गल्लीचा फटका एकटीला झेपणारा नव्हता.

"कुणाचं घर गं त्ये?" अक्काने विचारलं.

"फूलमतीचं."

"अगं, तिथं बाळ हाय." तिने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "पिन लाव. ढग काय एकटा येतोय व्हय? लाइट आली की पुढची उसळी परत तिथंच पडंल. पिन लाव परत."

"अक्का, इथे फुटेल."

"फुटू दे. मला अंगणात ने नि लाव."

माझा हात उठेना. पिन मुठीत तशीच होती. परवा न विचारता ज्यांच्या घरात मरण पाठवून दिलं, आज त्याच घरात उभी राहून ते परत जोडू? बहिणीला नको म्हणून दुसऱ्याच्या बाळावर ढकलू? दोन्ही मला जमेना. मी नुसती उभी होते, आणि मला माझीच किळस आली.

पद्मावतीवहिनी उठल्या. माझी मूठ त्यांनी एकेक बोट उलगडून सोडवली. मशीनची पिन तेवढी काढून बाजूला ठेवली आणि बोर्डाची पिन परत भिंतीत खोचली.

"तेव्हा तू आम्हाला विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या. "आता मी लावते. चल, धर तिला."

आम्ही दोघींनी अक्काला खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. सिलिंडर अक्काच्या मांडीवर होता. वर आणखी ढग जमत होते. माग बंद पडलेली गल्ली मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, टोकाच्या खोलीतली माणसांची कुजबूजसुद्धा इथपर्यंत येत होती. कुणीतरी विझवायला पाणी मागत होतं. कुणीतरी "दार मोडा" म्हणत होतं, तो आवाज अण्णांचा होता.

आम्ही तिघी कान देऊन उभ्या होतो. आतापर्यंत बाळ रडायला हवं होतं.